जिरायत कुणाच्या बापाची?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, आम्ही दोन भाषणे ऐकली. दोन्ही जळगाव जिल्ह्यातली, दोन्ही शाळेच्या पटांगणात घातलेल्या मांडवातली, आणि दोन्हींना टाळ्या भरपूर.

पहिले भाषण २७ फेब्रुवारीचे, मराठी भाषा गौरव दिनाचे. वक्ते वयोवृद्ध, वाचन दांडगे, बोलणे गोड. ते म्हणाले, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आता अभिजात भाषेच्या अंगावर गुलामगिरीचे डाग शोभत नाहीत. शेतकऱ्याच्या तोंडीसुद्धा परक्यांचे शब्द बसले आहेत, खरीप काय, रब्बी काय! त्याऐवजी शरदपीक आणि वसंतपीक म्हणायला काय हरकत आहे? दुसरे भाषण ९ नोव्हेंबरचे, उर्दू दिनाचे. वक्ते आमचेच. योगायोग असा की त्यांनीही नेमके तेच दोन शब्द उचलले. "मियां, इनको खेती किसने सिखाई? खरीफ हमारा लफ्ज, रबी हमारा, जमीन हमारी, जराअत हमारी. हम न होते तो ये क्या बोते और क्या काटते?" समोर आमच्या उर्दू शाळेची मुले बसली होती. त्यांनी टाळ्या पिटल्या.

आम्ही दोन्हीकडे श्रोत्यांत बसलो होतो आणि दोन्हीकडे गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा हा कफ्फारा समजावा.

पहिल्या वक्त्यांना हे शब्द कलंक वाटतात, दुसऱ्यांना तुरा. पण एका गोष्टीवर दोघांचे पक्के एकमत आहे: शब्दाला धर्म असतो, आणि अरबीतून आलेला शब्द मुसलमानाच्या मालकीचा. आमचे भांडण या एकमताशी आहे. त्यातही दुसऱ्या वक्त्यांशी जास्त, कारण ते घरातले आहेत आणि त्यांचे ऐकणारी मुले उद्या आमच्या वर्गात येऊन बसणार आहेत.

शब्दांवर बोलण्याआधी माणसाने एकदा शेतात जाऊन उभे राहावे. साक्री-शिरपूरकडे जा, नाहीतर एरंडोल-पारोळ्याकडे या. शेतकऱ्याच्या हातातल्या वस्तूंची नावे विचारा. नांगर, वखर, तिफण, पांभर, जू, खुरपे, विळा, मोट, खळे. यांत अरबी शब्द नाही, फारशी नाही. पेरणी कधी, असे विचारा. तो मृग सांगेल, आर्द्रा सांगेल, गव्हा-हरभऱ्यासाठी हस्त आणि चित्रा सांगेल. शेतकरी हिंदू असो, यावल-रावेरकडचा तडवी मुसलमान असो, उत्तर हेच येईल. आमच्या तडवी बांधवांच्या घरी नमाज होते, रोजे होतात आणि पेरणी मृगावर होते. यात कुणाचाही ईमान डळमळल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता त्याच शेतकऱ्याला म्हणा, सातबारा काढ. त्या कागदावरचे आणि त्या कागदाच्या आसपासचे शब्द वाचा. जमीन, जिरायत, बागायत, तरी, हंगाम, खरीप, रब्बी, हक्क, इनाम, महसूल, तहसील, तालुका, जिल्हा, मौजे. जवळजवळ सगळे अरबी-फारशी. म्हणजे रेघ स्पष्ट आहे. हातातली वस्तू देशी, कागदावरची नोंद अरबी-फारशी. हे शब्द मशिदीच्या दारातून आले नाहीत आणि तलवारीच्या टोकावरूनही आले नाहीत. ते कचेरीच्या दारातून आले.

याचा पुरावा खरीप-रब्बी या नावांतच आहे. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. आपण खरीप पेरतो जून-जुलैत, शरदात नव्हे. रब्बी पेरतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वसंतात नव्हे. मग नाव कशावरून पडले? कापणीवरून. शेतकऱ्याची नजर पेरणीवर असते, म्हणून त्याच्या तोंडी मृग आणि हस्त. सरकारची नजर कापणीवर असते, कारण सारा तेव्हा वसूल होतो. म्हणून सरकारच्या तोंडी खरीप आणि रब्बी. ही दोन नावे वसुली करणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. ज्यांना त्यांचा अभिमान वाटतो त्यांनी अभिमान कशाचा बाळगतो आहोत ते नीट पाहावे. 'हमने खेती सिखाई' हे वाक्य म्हणूनच खोटे आहे. राजवटींनी सारा घेतला, जमिनी मोजल्या, नोंदी ठेवल्या. नांगर धरायला कुणी कुणाला शिकवले नाही.

एक आठवण जाता जाता. आमच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, "सर, रबीउल अव्वलमध्ये गहू का पेरत नाहीत?" वर्ग हसला, आम्ही हसलो नाही. प्रश्न बरोबर होता. रबी हा वसंताचाच शब्द. पण हिजरी वर्ष चांद्र, ते दरसाल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे महिन्याचे नाव राहिले आणि वसंत सुटला. पिकाला सूर्य लागतो. म्हणूनच शेतीच्या हिशेबासाठी या मुलखातल्या मुसलमान राजवटींनाही हिजरी सन बाजूला ठेवून सौर वर्ष घ्यावे लागले. त्यातला शुहूर सन चौदाव्या शतकात सुरू झाला आणि पेशवाई संपेपर्यंत मराठी दप्तरात चालला. त्याचे आकडे अरबी, खमस, सीत, सबा, समान असे. आणि त्याचे वर्ष सुरू होते मृग नक्षत्र लागल्यावर. म्हणून त्याला मृगसाल असेही नाव. अरबी आकडे आणि मृगाचा पाऊस! पुण्याच्या पेशव्यांचा कारकून हे आकडे रोज मोडीत लिहीत होता आणि त्याचे सोवळे सुटत नव्हते.

लिहिणारा कोण, हाही प्रश्न विचारायला हवा. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे. सुलतान कुणीही असो, जिरायत आणि बागायत हे शब्द मराठी कागदावर प्रथम उतरवणारा हात बहुतेक वेळा ब्राह्मणाचा किंवा प्रभूचा. तो बोरू काही नमाज पढत नव्हता. तेव्हा पहिल्या वक्त्यांना आमची नम्र विनंती: हे शब्द परक्यांनी लादले असे म्हणण्याआधी ते पिढ्यान्‌पिढ्या वळणदार अक्षरात कुणी जपले, तेही पाहावे.

खानदेशापुरते बोलायचे तर फारुकी घराणे इथे १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य करीत होते. त्यांची पहिली राजधानी आपल्या शिरपूर तालुक्यातले थाळनेर, नंतर बऱ्हाणपूर. १६०१ मध्ये असीरगड अकबराकडे गेला. पुढे १६५० च्या दशकात, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने या मुलखाची मोजणी करून धारा बसवला. उजाड गावे पुन्हा वसावीत म्हणून त्याने बैलांसाठी, बियाण्यासाठी कर्जे दिली आणि ती पीक आल्यावर हप्त्यांनी फेडून घेतली. हेच ते तगाई कर्ज. मूळ अरबी शब्द तकविय्यत, बळ देणे. तगाई पुढे मराठ्यांनी दिली, इंग्रजांनी दिली, स्वातंत्र्यानंतरही हा शब्द चालू राहिला. आमच्यातले काही उत्साही लोक इथे मलिक अंबरचे नाव घेतात. त्याची जमाबंदी मोठीच, पण ती निजामशाहीच्या मुलखातली. खानदेश तेव्हा मोगलांकडे होता. दुसऱ्यांच्या इतिहासातल्या चुका काढायच्या तर आपल्याही काढाव्या लागतील.

मलिक अंबरकडे मात्र आम्ही परत येणार आहोत, वेगळ्या कारणासाठी.

या शब्दांवर आपला हक्क सांगणाऱ्यांनी ते शब्द घेऊन एकदा रियाधला जावे. तिथे 'जिरायत' म्हणून पाहावे. अरबीत जिराअत म्हणजे कुठलीही शेती. उर्दूतही तेच. मराठीत जिरायत म्हणजे फक्त पावसावरची कोरडवाहू जमीन. हा अर्थ अरबाला ठाऊक नाही, तो इथल्या आभाळाने दिला. बागायत पाहा: बाग फारशी, त्याला अरबी बहुवचनाचा प्रत्यय, आणि मराठीत आल्यावर पुन्हा एकवचन होऊन विहिरीच्या पाण्याखालची जमीन असा अर्थ. पोटखराब तर अर्धा आपल्या पोटातला आणि अर्धा अरबी. आणि आमच्या सगळ्यात आवडीचा शब्द, मशागत. मूळ अरबी मशक्कत, म्हणजे कष्ट, हाल. उर्दूत हा शब्द आजही सक्तमजुरीच्या शिक्षेत भेटतो: कैद बा-मशक्कत. मराठी शेतकऱ्याने तोच शब्द घेतला आणि त्याला जमिनीची निगा हा अर्थ दिला. तिकडे तुरुंग, इकडे उन्हाळ्यात वखरून ठेवलेले रान. आता सांगा, मशागत कुणाची?

पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत हेच दिसते. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखाली फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाळीने. ही व्यवस्था गावकऱ्यांनी शेकडो वर्षे स्वतः चालवली. तिच्या नोकरांत पाटकरी आहे, जागल्या आहे आणि हवालदार आहे. पाटकरी मराठी, जागल्या मराठी, हवालदार अरबी-फारशी. तिघे एकाच पाटावर फिरत. पाणी कुणाच्या व्युत्पत्तीपाशी अडले नाही.

आता थोडे मागे जाऊ, कारण 'अरबी शब्द म्हणजे मुसलमानी शब्द' हे समीकरण इस्लामच्या आधीच्या काळात पोहोचताच कोसळते. जिराअतमधला मूळ धातू ज़-र-अ, पेरणे. हिब्रूत झेरा म्हणजे बी. प्राचीन इराकच्या अक्कदी भाषेत झेरू. इथियोपियाच्या अम्हारिकमध्ये झेर. नांगरण्याचा अरबी धातू ह-र-स. हिब्रूत हाराश, इथियोपियाच्या जुन्या गीझ भाषेत हरस, अम्हारिकमध्ये अर्रस. खरीफ हा हिब्रूत होरेफ म्हणजे हिवाळा, आणि दक्षिण अरबस्तानच्या शिलालेखांत ख-र-फ म्हणजे चक्क वर्ष. ओमानच्या सलालाला आजही जून ते सप्टेंबरच्या पावसाला खरीफ म्हणतात, सुदानातही पावसाळा म्हणजे खरीफ. सलालावर येणारा तो पाऊस आपलाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस, फक्त वाटेतले टोक वेगळे. हे शब्द ज्यूंनी वापरले, मूर्तिपूजक बाबिलोनींनी वापरले, हबशी ख्रिश्चनांनी वापरले. पैगंबरांच्या जन्माआधी दोन-अडीच हजार वर्षे ते शेतात राबत होते. त्यांना कलमा कुणी पढवला?

मलिक अंबरकडे परत येतो ते इथे. तो साधारण १५४८ मध्ये इथियोपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-इराकमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ता झाला. १६२६ मध्ये वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या जन्मभूमीकडच्या भाषा, अम्हारिक असो, हररी असो वा ओरोमो, अरबीच्याच मोठ्या कुळातल्या. काही सख्ख्या, काही चुलत. बाजारात उभा करून विकलेला हा आफ्रिकी मुलगा पुढे दख्खनच्या जमिनीची जिरायत-बागायत प्रतवारी करवून घेतो आणि त्या कामाचे शब्द त्याच्या मायदेशातल्या बियाण्याच्या शब्दाचे नातलग असतात. आमचे वक्ते 'हम' म्हणतात तेव्हा त्या 'हम'मध्ये हा काळा गुलाम धरतात का? की फक्त तख्तावर बसलेले धरतात? आमच्या मोहल्ल्यांत अजूनही जात विचारून सोयरीक होते आणि पिंजारी-नदाफांच्या पोरांना आडून टोमणे मारले जातात, तेव्हा हा प्रश्न अगदी गैरलागू नाही. नदाफ म्हणजे अरबीत कापूस पिंजणारा. हल्लाज म्हणजेही तेच. मन्सूर हल्लाजचे नाव घेऊन डोळे मिटणारे लोक शेजारच्या नदाफाला आपल्या ओळीत बसवताना डोळे उघडे ठेवतात.

ह-र-स या धातूचे आणखी एक. १९६५ साली इथियोपियात अदिस अबाबाच्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. घोषणा होती 'मेरेत ल-अराशु', जमीन नांगरणाऱ्याला. महाराष्ट्रात हीच घोषणा आपण 'कसेल त्याची जमीन' म्हणून ऐकली. १९४८ च्या कूळकायद्यातून आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनातून ती कायद्यात उतरली. त्या घोषणेतला अराश म्हणजे आपला हारिस. आमच्या एकाच वर्गात दोन हारिस आहेत. त्यांच्या अब्बांना आम्ही विचारले, नावाचा अर्थ काय? एक म्हणाले शेर, दुसरे म्हणाले निगहबान. अर्थ आहे नांगरणारा, शेतकरी. सांगितल्यावर एकाचा चेहरा पडला. मुलाला इंजिनीअर करायचे होते.

शेतकऱ्याच्या नावाची इतकी लाज कशासाठी? अजानमध्ये दिवसातून पाच वेळा फलाहकडे बोलावले जाते. त्याच धातूतून फल्लाह, म्हणजे जमीन फोडणारा शेतकरी. आणि ज्या शब्दावरून सर्वांत जास्त डोकी फुटली तो काफिर! त्याचा मूळ अर्थ झाकणारा. कुरआनात सूरह हदीदच्या विसाव्या आयतीत याच शब्दाचे अनेकवचन आले आहे, आणि अनेक मुफस्सिर तिथे अर्थ घेतात शेतकरी, कारण तो बी मातीने झाकतो. वर आम्ही कफ्फारा म्हटले तो शब्दही याच धातूचा, गुन्ह्यावर पांघरूण घालणारा. एका धातूच्या पोटात इतके अर्थ राहू शकतात, तर एका शब्दाला एका जमातीच्या खुंट्याला बांधणारे आपण कोण?

वस्तू आणि शब्द एकत्र प्रवास करतात, हाही एक भ्रम आहे. आपल्या कळण्याच्या भाकरीतली ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ती माणसाळली. बाजरी पश्चिम आफ्रिकेची, मालीकडची. दोन्ही धान्ये इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात इकडे पोहोचली. दाणा आला, पण त्याचे आफ्रिकी नाव काही आले नाही. ज्वारी, बाजरी ही नावे इथली. खरीपाचे उलट: नाव आले, ऋतू इथलाच होता. कापूस पाहा. संस्कृत कर्पास पश्चिमेला गेला, हिब्रू बायबलमध्ये एस्तेरच्या ग्रंथात कर्पस होऊन बसला, अरबीत किरबास झाला. अरबीचा स्वतःचा कापूस म्हणजे कुत्न, तो युरोपात जाऊन कॉटन झाला. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या केळीला संस्कृतात मोचा म्हणतात. बहुतेक कोशकारांच्या मते अरबी मौज हा त्याचाच अवतार, आणि त्या मौजवरून वनस्पतिशास्त्रात मुसा. इंग्रजी बनाना मात्र पश्चिम आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी उचलला. आता सावदा-रावेरच्या केळीवाल्याने कुणाला किती रॉयल्टी द्यायची?

विद्वानही या भ्रमातून सुटलेले नाहीत. २००३ साली जेरेड डायमंड आणि पीटर बेलवुड या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडले की जगातली मोठी भाषाकुळे पहिल्या शेतकऱ्यांबरोबर पसरली. अरबी, हिब्रू, अम्हारिक, ओरोमो, प्राचीन मिसरी, हौसा या सगळ्यांचे मिळून जे आफ्रो-आशियाई कूळ, तेही त्यांनी या विचारात घेतले. पुढच्याच वर्षी क्रिस्टोफर एरेट, कीटा आणि न्यूमन यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला: या कुळाचे मूळ आफ्रिकेत आहे आणि कुळाच्या सर्वांत जुन्या समाईक शब्दांत शेती दिसत नाही; नांगरणी-पेरणीचे शब्द शाखा फुटल्यानंतरचे आहेत. रशियाचे मिलितारेव्ह उलट बाजूचे, ते मूळ पश्चिम आशियात आणि शेतीत पाहतात. वाद मिटलेला नाही. आम्हाला त्यातून घ्यायचे ते एवढेच की ज्या सेमेटिक कुळाच्या जोरावर आमचे वक्ते जगाला शेती शिकवायला निघाले, त्या कुळाच्या पूर्वजांना तरी शेती येत होती की नाही, यावर पंडितांत अजून भांडण आहे.

आता शुद्धीवाल्यांकडे वळू. त्यांची परंपरा मोठी आहे, तिला हसण्यावारी नेता येणार नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राज्याच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न होता आणि आम्ही तो समजू शकतो. पण महाराजांच्याच नावाशी जो शब्द सर्वांत घट्ट जोडला गेला, तो कोणता? रयत. अरबी धातू र-अ-य, चारणे. रयत म्हणजे मेंढपाळाने राखायचा कळप. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये बहुजनांसाठी संस्था काढली, तिचेही नाव रयत. आहे कुणाची हिंमत हे नाव शुद्ध करण्याची?

इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात राहिले आणि १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच गेले. मराठी कागदपत्रांतला फारशीचा भरणा काळाबरोबर कसा ओसरत गेला ते त्यांनी जुनी पत्रे समोर ठेवून दाखवले. ते खरेच आहे. दरबारी पत्रांतली फारशी ओसरली. पण शेतीतली ओसरली नाही, आणि हीच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. दरबार बदलला की मायना बदलतो. हंगाम बदलत नाही. १९३६ साली जळगावात साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष माधव ज्यूलियन. फारशीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, १९२५ चा फारशी-मराठी कोश त्यांचाच. आणि दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, त्यांनीच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. त्याच वर्षी मुंबईच्या संमेलनाचे अध्यक्ष सावरकर. ज्या माणसाने फारशी शब्द एकेक करून वेचले, त्यालाच ते मराठीतून काढावेसे वाटले, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. १९५२ ला अमळनेरला संमेलन झाले तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठी व्युत्पत्तिकोशाचे कर्ते. शब्दाचे मूळ शोधावे, ते उपटण्यासाठी नव्हे, अशी त्यांच्या कामाची रीत. खानदेशच्या भूमीवर दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. तारीख जाऊन दिनांक आला, ठीक. पण इतक्या वर्षांत खरीपाच्या जागी काही उगवले नाही.

आणि शुद्धी करायचीच तर पुरती करा. नांगर हा संस्कृत लाङ्गलवरून, आणि लाङ्गल हा शब्द बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांच्या मते आर्यांचा नव्हे, मुंडा-ऑस्ट्रिक भाषांकडचा. सातपुड्यातल्या कोरकूंची भाषा त्या कुळातली. मण हा अरबी मन्नवरून, त्याच्या मागे बाबिलोनी मनू. ऋग्वेदातसुद्धा सोन्याच्या संदर्भात मना येतो आणि तो बाबिलोनी मनूशी जोडणारे विद्वान आहेत. तेव्हा नांगर कोरकूला परत करा, मण बाबिलोनला, ज्वारी सुदानला, ठेच्यातली मिरची अमेरिकेला. मग शरदपिकात पेराल काय आणि कशाने?

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या उर्दू पाटीचा निकाल दिला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे न्यायालयाने बजावले. आमच्याकडे मिठाई वाटली गेली. वाटावी. पण तो निकाल दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. उर्दू मुसलमानांची नाही, हे ऐकून आम्ही खूश झालो. मग मराठी हिंदूंची नाही, हे मान्य करताना आमची जीभ का अडखळते? उर्दू शाळेत मराठीचा तास म्हणजे पास होण्यापुरता, असे ठरवले कुणी? घरी अहिराणीत किंवा आपल्या खानदेशी बोलीत 'वावर' म्हणणाऱ्या पोराला 'खेत बोलो' म्हणून दटावणारे आम्ही शिक्षकच ना?

याची किंमत काय होते ते सांगतो. आकड्यात सांगतो.

चोपडा तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे नववीत आहे. त्याच्या अब्बांची सातपुड्याच्या पायथ्याला अडीच एकर. पाच-सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून विहीर खोदली, तिच्यावर कापूस घेतात. २०२५ च्या पावसात शेत वाहून गेले. पंचनामा झाला. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या निकषांत तेव्हा जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००. यांची विहीर उताऱ्यावर चढलेलीच नव्हती, जमीन जिरायत लागली होती. पंचनाम्यावर जिरायत लिहिले गेले, अब्बांनी खाली सही केली. सही उर्दूत, झोकदार. वर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता आले नाही. ते स्वतः उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. पॅकेज-बिकेजचा हिशेब वेगळा, पण या एका शब्दाचा फरक हेक्टरी ८,५०० रुपये.

जानेवारीत मुलगा तो उतारा दप्तरात घालून घेऊन आला. भूगोलाच्या तासाला जराअतवर दहा ओळी त्याने बिनचूक लिहिल्या होत्या, आम्हीच पैकीच्या पैकी गुण दिले होते. उतारा पुढे ठेवून आम्ही 'जिरायत'वर बोट ठेवले आणि विचारले, हे काय? त्याने अक्षरे जुळवून वाचले, जि-रा-य-त. अर्थ? "मालूम नही सर, मराठी का है." आम्ही शेजारी उर्दू अक्षरांत जराअत लिहिले. तो एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच खाली बोट नेले: खरीप. हक्क. हंगाम. तिन्ही शब्द त्याला येत होते. नऊ वर्षांत कुणी सांगितले नव्हते की ते इथेही आहेत.

'हमारा लफ्ज' म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांत तो मुलगा होता.

आम्ही संस्थेकडे अर्ज दिला आहे. आठवी ते दहावीला महिन्यातून दोन तास उतारा, फेरफार, पीक विम्याचा अर्ज आणि पंचनामा मराठीतून वाचायला शिकवायचा. शब्दांची यादी उर्दू आणि देवनागरी, दोन्ही लिप्यांत भिंतीवर लावायची. आणि मुलांनी घरून, दादीकडून, सालदाराकडून अहिराणी शेतीशब्द गोळा करून आणायचे. एका सदस्यांनी विचारले, याने उर्दूचे नुकसान नाही का होणार? दुसऱ्यांनी विचारले, परीक्षेत येणार आहे का? निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. यादी मात्र आम्ही वर्गात सुरू केली, तिला परवानगी लागत नाही. एकशे चाळीस शब्द झाले. त्यांत उंबराखालच्या खळ्यापासून तहसीलदाराच्या शिक्क्यापर्यंत सगळे आहे, आणि कुठला शब्द कुठून आला हे शोधताना मुले आता दोन्ही कोश उघडतात.

चोपड्याच्या त्या विहिरीची नोंद अजून व्हायची आहे. अर्ज मुलाने स्वतः लिहिला, मराठीत. आम्ही फक्त दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले.